वरळीचा कोळीवाडा : दोन साथी आणि एक कुंपण

मुंबईच्या नकाशावर वरळीचे टोक शोधून पाहा. दादरच्या पश्चिमेला, किनाऱ्यावर, जमिनीचे एक चिंचोळे बोट उत्तरेकडे समुद्रात घुसलेले दिसेल. बोटाच्या टोकाला जुना किल्ला आहे आणि किल्ल्याला लागून दाटीवाटीने वसलेला कोळीवाडा. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूने शहराकडे जाणारा रस्ता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी व्हेलार्डचा बांध पडेपर्यंत वरळी हे वेगळे बेटच होते. आज कोळीवाड्याच्या समोरूनच २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू जातो, पाठीमागे उंच इमारती उभ्या आहेत. तरीही गल्लीत शिरले की शहर मागे पडते. अंतराने जवळ आणि व्यवहाराने दूर, अशी ही वस्ती आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस ह्या वस्तीत कोविडचे रुग्ण आढळले आणि तिचा रस्ता अडवण्यात आला. 'प्रतिबंधित क्षेत्र' हा शब्द मुंबईकरांनी तोपर्यंत फारसा ऐकला नव्हता. वरळी कोळीवाडा हे शहरातील अशा पहिल्या काही क्षेत्रांपैकी एक. एका बाजूला अडथळे आणि पोलीस, उरलेल्या तीन बाजूंना समुद्र. कुंपण घालायला इतकी सोयीची जागा शहरात क्वचितच सापडेल.

दादरला आमच्या इमारतीत वरळीहून एक मावशी वर्षानुवर्षे मासे घेऊन येत. त्या येईनाशा झाल्या. पुढे खूप महिन्यांनी भेटल्या तेव्हा त्या दिवसांबद्दल एकच वाक्य बोलल्या, "दर्या उघडा हाय, गल्ली बंद हाय, असं चाललं होतं." आम्ही विज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारी माणसे. साथ आली की माणसांच्या हालचालींवर बंधने हवीत, हे आम्ही गृहीत धरतो. पण ह्या वाक्याने आम्हांला थोडे थांबवले. कुंपण घातल्याने नेमके काय अडते? रोग अडतो, की पोट अडते, की दोन्ही? उत्तर शोधताना असे लक्षात आले की ह्याच वरळीत, सव्वाशे वर्षांपूर्वी, अगदी वेगळ्या रोगाच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला गेला होता. त्या दोन साथी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

एकाकी गावाचा उपयोग

आधी थोडे दूर जाऊ. उत्तर अटलांटिक महासागरात फॅरो नावाची बेटे आहेत. तेथील लोक मासेमारी आणि मेंढपाळी करून राहत. १८४६ साली ह्या बेटांवर गोवराची साथ आली. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर ती आली असे मानले जाते. त्यापूर्वीची गोवराची साथ १७८१ सालची, म्हणजे ६५ वर्षांपूर्वीची. बेटांवरील ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जण काही महिन्यांत आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम नावाच्या एका अगदी तरुण डॉक्टरला तेथे पाठवले.

पानुमजवळ ना सूक्ष्मदर्शक होता, ना जंतूंचा सिद्धान्त. त्याच्याजवळ होती ती फक्त गावे, एकमेकांपासून तुटलेली. अशा गावात बाहेरचा माणूस कधी आला, आपला माणूस कधी बाहेर गेला, हे सगळ्यांना तारखेनिशी आठवते. एका गावाचे दहा पुरुष होडीतून दुसऱ्या गावी लहान देवमाशांच्या शिकारीला गेले होते. तो दिवस ४ जून. दहाही जणांच्या अंगावर १८ जूनला पुरळ उठले. अशा अनेक नोंदी जुळवून पानुमने दाखवले की संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात. १७८१ साली गोवर होऊन गेलेले म्हातारे लोक ह्या वेळी आजारी पडले नाहीत, हेही त्याने टिपले. गोवराची प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकते, हे आज आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्यामागे ही बेटे आहेत. आणखी एक गोष्ट त्याने नोंदली. ज्या ठिकाणी लोकांनी स्वतःहून बाहेरच्यांशी संबंध तोडले, तेथील सुमारे १,५०० माणसे साथीतून वाचली. म्हणजे तेथे कुंपणाचा उपयोग झाला.

का झाला? कारण गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. माणूस अडवला की रोगाची वाट अडते. हे 'कारण' ध्यानात ठेवून आता मुंबईत परत येऊ.

परळच्या खोल्या आणि दोन इंचांचा प्रश्न

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅसिओ व्हिएगस ह्यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. (हाच कायदा २०२० साली पुन्हा वापरण्यात आला.) मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटॅकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरांची झडती, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणे, घरच्यांना वेगळ्या छावणीत हलवणे, रेल्वे स्थानकावर प्रवाशांची तपासणी, घरांवर जंतुनाशकांचा मारा, असा सगळा बंदोबस्त झाला. लोक रुग्ण लपवू लागले. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला.

एवढे करूनही साथ दरवर्षी परत येत राहिली. तिची वेळही ठरलेली असे. थंडी सरताना वाढ, फेब्रुवारी ते एप्रिल ऐन भर, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ओसर. माणसे अडवून साथ अडत नव्हती. असे का व्हावे?

१८९८ साली पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच संशोधकाने उंदरांच्या अंगावरील पिसवांकडे बोट दाखवले होते, पण त्याचे म्हणणे फारसे कुणी मानले नाही. १९०३ मध्ये मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन ह्यांच्या हाती एक धागा लागला. राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. गिनीपिगवर ह्या पिसवा सहसा नसतात. मग त्या आल्या कुठून? आणखी एका चाळीत असे दिसले की उंदीर मेल्यावर थोड्याच दिवसांत रहिवाशांना पिसवांचा उपद्रव सुरू झाला, आणि त्या पिसवांमध्ये उंदरांच्या पिसवा बऱ्याच होत्या. यजमान मेला की पिसू उपाशी राहते आणि जवळ जो प्राणी असेल त्याला चावते.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने ह्या कल्पनेची कसून परीक्षा घेतली. केंद्र होते परळ. तेथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा होती. आज तेथे हाफकिन संस्था आहे. तिच्या आवारात आयोगाने घरांसारख्या छोट्या खोल्या बांधल्या. काहींवर गावठी कौले, ज्यांत काळे उंदीर घर करतात. काहींवर मंगलोरी कौले, काहींवर पत्रा. छपराखाली तारेची जाळी ताणलेली होती. त्यामुळे उंदीर खाली येऊ शकत नव्हते, पिसवा मात्र पडू शकत होत्या. खोलीत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांतील काहींना प्लेगची लागण केली. ज्या खोलीत पिसवा भरपूर, तेथे रोग एकाचा दुसऱ्याला होत गेला. जेथे पिसवा नव्हत्या, तेथे आजारी आणि निरोगी प्राणी अंगाला अंग लावून राहिले, एकत्र खाल्ले, आजारी आईचे दूध पिल्ले प्याली, तरी रोग पसरला नाही.

मग पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंच उंचीवरच्या पिंजऱ्यातील गिनीपिगला प्लेग झाला, दोन फूट उंचीवरच्याला झाला नाही. दोन इंच पिसू सहज उडी मारते, दोन फूट तिच्या आवाक्याबाहेर. हवा मात्र दोन्ही पिंजऱ्यांत तीच. विज्ञानाच्या शिक्षकाला ह्याहून सुबक प्रयोग क्वचित मिळेल. फक्त एक गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, आणि उत्तर इंचांत मोजायचे.

प्रयोगशाळेबाहेर काय घडते, हे पाहण्यासाठी आयोगाने मुंबई बेटावरील चार गावे निवडली. शीव, वडाळा, परळ आणि वरळी. तेव्हा ही खरोखरच गावे होती, शहरापासून शेते आणि मोकळ्या जागांनी तुटलेली. पानुमला जे फॅरो बेटांवर मिळाले, तेच आयोगाला येथे मिळत होते. प्रत्येक घर माहीत, प्रत्येक माणूस माहीत, मेलेला उंदीर कुठे सापडला तेही नोंदवता येणारे. ह्या पाहण्यांतून आणि शहरातील हजारो उंदरांच्या तपासणीतून जो क्रम दिसला तो असा : आधी गटारात राहणाऱ्या मोठ्या उंदरांमध्ये प्लेग, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांमध्ये, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांमध्ये.

हा क्रम कळला की कुंपणाचा अर्थ बदलतो. माणूस हा ह्या रोगाच्या वाटेवरचा शेवटचा थांबा आहे. गाठीच्या प्लेगचा रुग्ण शेजाऱ्याला सहसा रोग देत नाही. (फुप्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी. तो श्वासावाटे पसरतो. पण मुंबईत त्याचे प्रमाण अगदी कमी होते.) उलट उंदीर पडू लागलेल्या घरात माणसांना डांबून ठेवणे म्हणजे त्यांना उपाशी पिसवांच्या स्वाधीन करणे. त्या काळी खेड्यापाड्यांतील लोकांची एक रीत होती. उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. ह्या रीतीला पिसू ठाऊक नव्हती, पण ती दहा-चौदा दिवसांच्या हिशेबात अगदी बरोबर बसते. पुढे १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन ह्यांनी दाखवले की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेच्या पुढच्या भागात वाढून तो मार्गच बंद करतात. रक्त पोटात जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू सोडते. तोवर मुंबईतील साथीला सतरा-अठरा वर्षे होऊन गेली होती.

छत्तीस मुलांचा हिशेब

कोविडचे तसे नव्हते. तो माणसाकडून माणसाकडे, मुख्यतः श्वासावाटे जातो. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे हा गोवराच्या जातकुळीचा रोग, आणि फॅरोच्या न्यायाने कुंपण उपयोगी पडायला हवे. ते कितपत पडते हे पाहण्यासाठी वर्गात एक खेळ करता येईल.

छत्तीस मुले घ्या. खडूने जमिनीवर नऊ वर्तुळे काढा आणि प्रत्येकात चार मुले उभी करा. ही नऊ घरे झाली. प्रत्येक घरात किती जोड्या होतात? प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर चार जणांत ६. नऊ घरांत मिळून ५४. आता तीच मुले चार वर्तुळांत, प्रत्येकी नऊ अशी उभी करा. एका घरात ३६ जोड्या, चार घरांत १४४. मुले तेवढीच, पण रोगाला मिळणाऱ्या वाटा अडीच पटींहून अधिक. आता सगळ्यांना सांगा की शौचालय आणि पाण्याचा नळ सर्वांना मिळून एकच आहे. छत्तीस जणांच्या जोड्या ६३०. सगळ्याच जोड्या सारख्या धोक्याच्या नसतात हे खरे. रात्रभर एका खोलीत झोपणे आणि नळावर दोन मिनिटे उभे राहणे ह्यांत फरक आहे. पण दिशा कळायला एवढा हिशेब पुरे.

आता छत्तीसांभोवती एक मोठे वर्तुळ काढा. हे कुंपण. आतल्या ६३० पैकी किती जोड्या कमी झाल्या? एकही नाही. कुंपण बाहेरच्यांचे रक्षण करते, आणि तेही आत रोग नुकताच शिरला असेल तर चांगले करते. आतल्यांसाठी काही करायचे असेल तर वर्तुळाच्या आतच काहीतरी बदलावे लागते. नऊ जणांच्या घरातून एक आजारी माणूस लवकर बाहेर काढला तर त्याच्याशी असलेल्या आठ जोड्या तुटतात. चार जणांच्या घरात तीनच तुटतात. म्हणजे रुग्णाला घराबाहेर स्वतंत्र जागा देण्याचा फायदा दाट वस्तीत सर्वांत जास्त. वरळीतील एनएससीआयचे घुमटाकार क्रीडागृह एप्रिल २०२० मध्ये रुग्णांच्या विलगीकरणासाठी वापरात आले. आमच्या मते रस्त्यावरच्या अडथळ्यांपेक्षा ह्या खाटांनी कोळीवाड्याचे अधिक भले केले असावे. 'घरीच वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला ज्यांच्या घरात वेगळी खोली असते, त्यांच्यासाठी लिहिलेला होता.

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्यांनी इतर संस्थांच्या साहाय्याने तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. त्यांतील एक एफ उत्तर, म्हणजे माटुंगा, शीव, वडाळ्याचा भाग. रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर त्या माणसाला संसर्ग होऊन गेला असे समजायचे. झोपडपट्ट्यांत हे प्रमाण ५७ टक्के निघाले, इतर वस्तीत १६ टक्के. एकच शहर, तोच विषाणू, तीच टाळेबंदी. कोळीवाडा म्हणजे झोपडपट्टी नव्हे. कोळी लोक ह्याबाबत हळवे आहेत आणि ते योग्यच आहे, कारण ही मुंबईतील सर्वांत जुनी गावठाणे आहेत. पण घरांची दाटी आणि सामाईक सोयी ह्यांचे गणित कागदोपत्री नावाने बदलत नाही.

कुंपणाची आणखी एक गंमत आहे. तिला गंमत म्हणणे बरे नव्हे, पण गणितात ती तशी दिसते. त्या वेळच्या नियमानुसार क्षेत्रात सलग चार आठवडे नवा रुग्ण न आढळला तरच बंधने उठायची होती. समजा, रोज दर दहा हजारांत एक नवा रुग्ण सापडतो आहे. चाळीस माणसांच्या इमारतीत २८ दिवसांत सरासरी ०.११ रुग्ण निघतील, म्हणजे बहुतेक वेळा एकही नाही, आणि इमारत उघडेल. वीस हजारांच्या वस्तीत त्याच हिशेबाने ५६ रुग्ण निघतील. दोन्हीकडे रोगाचे प्रमाण अगदी सारखे, पण वस्ती उघडणार नाही. क्षेत्र जितके मोठे तितके ते नियमाने अधिक काळ बंद राहते. पुढे मुंबईत पूर्ण वस्त्यांऐवजी इमारती किंवा त्यांचे मजले बंद करण्याची पद्धत आली, ती ह्या दृष्टीने शहाणपणाची होती. तिचा लाभ मात्र मुख्यतः ज्यांच्या वस्तीला मजले आणि फाटके होती, त्यांना झाला.

आणि हवा? दहा बाय बारा फुटांच्या, एकच दार असलेल्या खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल आणि समुद्रावरच्या वाऱ्यासाठी समोरासमोर खिडकी ठेवल्यावर सहा वेळा बदलत असेल, तर एकाच रुग्णामुळे हवेत साचणारे सूक्ष्म थेंब साधारण एक षष्ठांशावर येतात. वर्गात एक अगरबत्ती लावून, आधी खिडक्या बंद ठेवून आणि मग उघडून, विझवल्यावर वास किती वेळ रेंगाळतो हे मुलांना मोजू द्यावे. मग त्यांना विचारावे : उघड्या होडीत चार माणसे जाळे ओढत आहेत आणि बंद खोलीत नऊ माणसे झोपली आहेत. ह्या दोहोंपैकी आधी काय थांबवायला हवे होते?

चुकीच्या ऋतूतला थांबा

मासेमारी थांबणे कोळ्यांना नवे नाही. ती दरवर्षी थांबते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, माशांच्या विणीचा काळ असतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना सरकारी बंदीही असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होड्या पुन्हा पाण्यात. ह्या दोन-अडीच महिन्यांची तयारी अंगवळणी पडलेली आहे. उन्हाळ्यात बोंबील वलांड्यांवर वाळतात, जवळा आणि सुकट डब्यांत भरली जाते, जाळी दुरुस्त होतात, पैसे बाजूला पडतात. एका अर्थी कोळीवाडा दरवर्षी एक छोटी टाळेबंदी स्वतःहून पाळतो आणि तीतून सुखरूप बाहेर येतो.

२०२० सालचा थांबा मार्चअखेर आला. म्हणजे पावसाळ्याची बेगमी ज्या दोन महिन्यांत करायची, नेमके तेच दोन महिने गेले. आणि प्लेगचे ऐन भराचे महिनेही ह्यांच्या जवळचेच, फेब्रुवारी ते एप्रिल! रोग वेगळे, कारणे वेगळी, पण दोन्ही वेळा घाव पावसाळ्याआधीच्या हंगामावर बसला. १० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सागरी मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. पण प्रतिबंधित क्षेत्राला ही सूट लागू नव्हती. 'दर्या उघडा, गल्ली बंद' हे मावशींचे वाक्य म्हणजे ह्या दोन आदेशांचा अचूक सारांश होता. त्यातून कसेबसे सावरावे तोच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मुंबईच्या कोळ्यांनाही होड्या सुरक्षित जागी ओढाव्या लागल्या. मग पावसाळा.

मासेमारीचा पैसा कसा फिरतो हे कळले तर ह्या थांब्याचे गांभीर्य कळते. होडीवर महिना पगार सहसा नसतो. मिळकतीचे वाटे पडतात, होडीचा, जाळ्यांचा, माणसांचा. डिझेल आणि बर्फ वजा जाते. मासळी मिळाली तर वाटा, नाही तर काही नाही. पकडलेला मासा बंदरात आला की पुढचा व्यवहार बायकांच्या हाती. कोळीण दादरच्या, लालबागच्या, गिरगावच्या बाजारात बसते किंवा दारोदार फिरते, रोख पैसे घेते आणि त्याच पैशातून त्याच दिवशी घर चालते. मासा हा असा माल आहे की तो उद्यावर टाकता येत नाही. धान्याचा व्यापारी महिनाभर दुकान बंद ठेवून माल सांभाळू शकतो. बर्फाबाहेरचा पापलेट सकाळचा संध्याकाळीही टिकत नाही. तेव्हा कोळीणीची टोपली अडवली की समुद्रात मासे असूनही त्यांची किंमत शून्य होते.

आणि येथेच खरी अडचण आहे, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. टोपली घेऊन रोज पन्नास दारी जाणारी बाई ही रोगाच्या दृष्टीनेही पन्नास घरांना जोडणारा दुवा आहे. ज्या वाटेने पोट भरते त्याच वाटेने विषाणू जाऊ शकतो. प्लेगच्या वेळी तसे नव्हते. तेव्हा कोळीण मोकळेपणे फिरली असती तर तिच्यामुळे रोग फारसा वाढला नसता. जपायला हवे होते ते तिच्या घराच्या छपरातल्या उंदरांपासून, आणि वखारींतून येणाऱ्या पोत्यांपासून, कारण पोत्यांबरोबर पिसवा प्रवास करत. कोविडच्या वेळी तिची वाट पूर्ण मोकळी ठेवणे धोक्याचे होते आणि पूर्ण बंद ठेवणे क्रूर. उरतो तो प्रश्न असा की वाट न तोडता तिच्यावरचा विषाणूचा प्रवास कमी कसा करायचा.

त्याची उत्तरे फार अवघड नाहीत. चेहऱ्यावर पट्टी. घराच्या आत न जाता उघड्यावर व्यवहार. बाजारात एकमेकींपासून दूर बसणे. आजारी असल्यास घरी राहता यावे म्हणून त्या दिवसांचा खर्च कुणीतरी देणे. शेवटचे उत्तर सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी अमलात आलेले. रोजंदारीवरच्या माणसाला 'ताप आला तर बाहेर पडू नका' असे सांगणे आणि त्याच्या चुलीची सोय न करणे, ह्याला सल्ला म्हणता येत नाही. गॅटॅकर समितीच्या काळात लोकांनी रुग्ण लपवले ते अडाणीपणामुळे, असे त्या वेळचे अहवाल सुचवतात. आम्हांला ते पटत नाही. रुग्ण सांगितला तर घर उठते आणि काम जाते, असा हिशेब समोर असेल तर शिकलेला माणूसही लपवतो. २०२० साली तपासणीला न जाणाऱ्या उच्चशिक्षितांची काही उदाहरणे आमच्याच ओळखीत आहेत.

मावशी आमच्याकडे परत आल्या तेव्हा दिवाळी जवळ आली होती. सोबत ताजी मासळी थोडी आणि सुके बोंबील जास्त. पूर्वी त्या प्रत्येक मजल्यावर दाराशी येऊन बसत, मासे साफ करताना घरातल्या चौकशा होत. आता त्या फाटकापाशी, बदामाच्या झाडाखाली बसल्या. वरून आमच्या शेजाऱ्यांनी गिरगावच्या चाळीत करायचे तशी दोरीला टोपली बांधून खाली सोडली. तीत पैसे होते. मावशींनी पैसे काढले, मासे ठेवले आणि दोरीला हिसका दिला. लस आली, पट्ट्या गेल्या, त्यानंतरही बरेच दिवस त्या वर चढल्या नाहीत. विचारले तर म्हणाल्या, गुडघ्यांना हेच बरे पडते.